खालची वाट

१४ डिसेंबर, रविवार. दुपारची जेवणं आटोपल्यावर मी मागच्या पडवीत गोणपाट अंथरलं आणि बाईंची सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली. जुना टूथब्रश, डब्यात थोडं डिझेल, फाटक्या बनियनचे दोन तुकडे. साखळीत घाटमाथ्याची माती अशी काही बसली होती की कड्या मोजता येत नव्हत्या. पेडल हाताने फिरवलं तर जात्यासारखा आवाज येई. मांड्या भरून आलेल्या, उकिडवं बसवेना, म्हणून पाट घेतला.

यजमान दारात येऊन म्हणाले, "तुझी स्वतःची सायकल तशीच चिखलात उभी आहे."

"ती कुठे पळत नाही."

बाईंच्या सायकलीचं तसं नव्हतं. संध्याकाळी बाईंचा मुलगा पुण्याहून येणार होता आणि सोमवारी सकाळी बाईंना घेऊन जाणार होता. सायकल रत्नागिरीतच राहणार, कुणाला तरी द्यायची, असं बाईंनीच सांगून ठेवलं होतं. कुणाला ते ठरलं नव्हतं. द्यायची तर धुवून द्यावी, एवढंच मी त्या वेळी ठरवलं होतं.

बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या. एकसष्ट वर्षांच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात एकट्या. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते. दुसरी आमची भाभी, बंदराकडची. तिचा नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतो. ती लग्नाकार्याच्या बिर्याणीच्या आणि सांदणांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तिच्या दंडात आम्हा दोघींपेक्षा जास्त जोर आहे. तिसरी मी. जमीनमोजणीच्या कार्यालयात कारकून आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या चतुःसीमा लिहिते आहे: पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. पुढे जे झालं त्यासाठी हे लक्षात ठेवायला हवं.

सायकल आम्ही सुरू केली ती टाळेबंदीनंतर, गुडघे आणि साखर या दोन कारणांसाठी. सकाळी सहाला निघायचं, भाट्याच्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं. मग पावस, मग गणपतीपुळे. एकदा जयगडहून फेरीबोटीत सायकली घातल्या आणि हेदवी-वेळणेश्वर करून आलो, दोन मुक्काम. तिथून आल्यावर बाई म्हणाल्या, "समुद्र पुष्कळ झाला. आता घाट."

घाट म्हणजे अणुस्कुऱ्याने वर चढायचं, घाटमाथ्यावरच्या जंगलातून आडवं आंब्याला जायचं आणि आंबा घाट उतरून घरी. चार दिवस. भाभीने आणि मी हो म्हटलं, कारण बाईंना नाही म्हणायची सवय गल्लीत कुणालाच नाही. त्यांच्या मुलाला होती.

त्याचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या ओट्यावर नारळ सोलत होते. बाई फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवर टाकतात, त्यामुळे गल्लीला सगळं कळतं.

"आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस."

"मला गणित येतं."

"जंगलात पाय मोडून पडलीस तर मी पुण्याहून येईपर्यंत काय करणार?"

"पडून राहीन."

मुलगा वाईट नाही. त्याच्या घरात दहाव्या मजल्यावर आईसाठी एक खोली तयार आहे, पलंगासकट, तीन वर्षं झाली. बाई जातात, आठ दिवस राहतात आणि परत येतात. तिथे त्यांना काही त्रास नसतो. फक्त दिवस जात नाही, असं त्या म्हणतात.

"बरं," तो म्हणाला. "जा. पण चार दिवसांत एकदा जरी कुणाच्या गाडीत बसावं लागलं ना, तर सायकल बंद. आणि इथे यायचं. राहायला."

"आणि नाही बसले तर?"

"तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना गो? तू साक्षीदार."

मी म्हटलं, "मुदतीत पायी चालत आलं तर चालेल ना, तेवढं विचारून घ्या." तिकडून तो म्हणाला, "चालत या, रांगत या काकू, पण गाडी नाही." अटी अशा स्पष्ट होत्या.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. लांज्यापर्यंत महामार्गाची धूळ खाल्ली, ओणीनंतर रस्ता शांत झाला, पाचलला एका ओळखीच्यांकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी अणुस्कुऱ्याचा घाट. हा घाट बघायला सुंदर आहे असं म्हणतात. मी मुख्यतः पुढच्या चाकापुढचं चार हात डांबर पाहिलं. बाई एका लयीत चढायच्या, दम लागला की उतरून सायकल ढकलायच्या, पुन्हा बसायच्या. थांबलो की भाभी पिशवीतून खजूर काढून वाटायची आणि म्हणायची, "घ्या, अजून एक वळण." असं तिने सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्येक वळणाला म्हटलं. वर पोचल्यावर तिघींपैकी कुणीही आनंद वगैरे व्यक्त केला नाही. रस्त्याकडेच्या घरात भाकरी-पिठलं मिळालं, ते खाल्लं, त्याच घराच्या माळ्यावर अंगात होते ते कपडे घालून झोपलो. थंडी आमच्या ओळखीची नव्हती. रत्नागिरीत डिसेंबर म्हणजे पंखा एकवर.

तिसरा दिवस शुक्रवार. त्या दिवशी आंब्याला पोचायचं होतं. सकाळी आठला निघालो. डांबरी रस्ता तासाभरात संपला आणि तांबडी गाडीवाट सुरू झाली. दोन्हीकडे कारवी, मध्येच दाट झाडी, वाटेवर गव्यांचं ताजं शेण. भाभी दर थोड्या वेळाने घंटी वाजवत होती, गव्याला कळावं म्हणून. मोबाइलला रेंज नव्हती. तिने आदल्या दिवशी नकाशा उतरवून घेतला होता, पण त्यात ही वाटच नव्हती. हिरव्या रंगात आमचा एक निळा ठिपका, बस.

साडेदहाच्या सुमारास वाटेला फाटा फुटला. एक वाट डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही सारख्याच रुंद, सारख्याच सपाट. मध्ये एका दगडावर एक म्हातारा धनगर बसला होता, त्याच्या म्हशी मागे कारवीत चरत होत्या. मी विचारलं, "दादा, आंब्याला कुठली वाट?"

"आंब्याला? सायकलीवरनं?" त्याने तिघींना नीट बघून घेतलं. "खालच्या वाटंनं जावा. खालती पाणी लागंल, तितनं डांबरी हाय."

"खालच्या?"

"व्हय, खालच्या."

मी डावीकडे वळले. बाई वळल्या. भाभी वळली.

आमच्याकडे खाली म्हणजे पश्चिम. समुद्राची बाजू ती खालची, डोंगराची बाजू ती वरची. खालची वाडी, वरची वाडी; खालचं बिऱ्हाड, वरचं बिऱ्हाड. घर अगदी सपाट कातळावर असलं तरी स्वयंपाकघर वरच्या अंगाला आणि ओटी खालच्या. कार्यालयात माणसं येतात आणि सांगतात, "खालच्या बाजूला आमचा चुलता," आणि मी न विचारता लिहिते, पश्चिमेस चुलता. सत्तावीस वर्षांत कधी चुकलं नाही. आम्ही उत्तरेला चाललो होतो, म्हणून डावी वाट पश्चिमेची, म्हणून खालची. इतका विचारही मी केला नाही. हँडल आपोआप वळलं.

वाट थोड्या वेळाने सड्यावर आली. झाडं संपली, नुसता जांभा, वर सुकलेलं गवत. मग गाडीवाटेची पायवाट झाली आणि सुट्या दगडांवरून चाकं घसरायला लागली. आम्ही उतरून ढकलायला लागलो. जवळजवळ तास गेल्यावर भाभी म्हणाली, "वहिनी, आपण समुद्राकडे कशाला चाललोय?"

"त्यानं खाली सांगितलं ना."

"हां. खाली तर खरं."

बाई मागून म्हणाल्या, "सूर्य बघा की. मावळतीकडेच चाललोय, बरोबर आहे."

म्हणजे सूर्य सांगत होता, मोजणी कार्यालय सांगत होतं, गणित सांगत होतं. पाणी मात्र लागत नव्हतं आणि वाट खाली उतरायच्या ऐवजी हळूहळू चढत होती. ते मला जाणवलं होतं. पोटऱ्यांना तर नक्कीच जाणवलं होतं. मी ते दमल्यामुळे वाटतंय असं समजले.

पावणेएकला वाट संपली. पुढे कडा होता. पायाखाली सरळ तुटलेला डोंगर आणि त्याखाली सगळं कोकण पसरलेलं, धुरकट, मध्ये नदीची एक बारीक रेघ.

भाभीने सायकल आडवी टाकली. "आलं रत्नागिरी. उतरा."

बाई दगडावर बसल्या आणि हसायला लागल्या. बराच वेळ हसत होत्या. मला हसू आलं नाही. मी बाटल्या मोजल्या. तिघींत मिळून दीड बाटली पाणी होतं. परत फाट्यापर्यंत दोन तास, तिथून पुढे आंबा किती ते माहीत नाही, आणि साडेसहाला अंधार.

"चला," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर बाईंचा पाय सुट्या जांभ्यावरून सटकला. त्या पडल्या नाहीत. सायकल धरून उभ्या राहिल्या, फक्त उजवा गुडघा आत वळला. "काही नाही," म्हणाल्या. पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा म्हणाल्या, "काही नाही." कुणी विचारलं नव्हतं. मग मला कळलं की काहीतरी आहे.

मी त्यांच्या कॅरिअरच्या पिशव्या काढून माझ्या सायकलीला लावल्या. भाभीने त्यांची सायकल एका हाताने आणि स्वतःची दुसऱ्या हाताने ढकलली. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. सड्यावर ऊन होतं आणि वारा गार होता, त्यामुळे घामही येत होता आणि थंडीही वाजत होती. तीनच्या पुढे फाट्यावर पोचलो.

म्हातारा तिथेच होता. म्हशी फक्त दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला.

"आगं, खालती जावा म्हणलं, तर वर कशाला गेलासा?"

"वर कुठे? खालीच गेलो."

"त्यो कडा हाय. वरचा सडा त्यो. खालती हिकडं!" त्याने उजवीकडे, उगवतीकडे काठी दाखवली. "पाणी जातंय ती खालती. धरण हिकडं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे खाली म्हणजे समुद्राकडे."

"समुद्र?" त्याने एकदा बाईंकडे, एकदा भाभीकडे पाहिलं. "हितं कुठला आला समुद्र, बाई?"

त्याने त्याच्या किटलीतलं पाणी दिलं. म्हशींबरोबर थोडं अंतर सोबतही आला. उजवी वाट खरंच उतरत गेली. अर्ध्या तासात ओहोळ लागला, त्याच्या कडेने पुढे धरणाचं पाणी, आणि मग त्याने सांगितल्याप्रमाणे डांबरी. सकाळी साडेदहाला उजवीकडे वळलो असतो तर जेवायला आंब्यात असतो.

डांबरीवर मी बाईंना म्हटलं, "चूक माझी."

"तिघींची. मी सूर्यसुद्धा तपासला होता."

"मी विचारलेलं हां," भाभी म्हणाली. "समुद्राकडे कशाला, म्हणून विचारलेलं. लिहून ठेवा."

"विचारलंस आणि मग हां म्हणालीस."

"तुम्ही दोघी शिकलेल्या. मला वाटलं, बरोबर असणार."

बाई एका पायाने पेडल मारत, चढाला चालत, दिवेलागणीनंतर आंब्यात पोचल्या. गाडीत बसल्या नाहीत. वाटेत दोन जीप थांबल्या होत्या, दोन्हींना त्यांनी हात हलवून पुढे घालवलं. मुक्कामी हळद-मीठ गरम करून गुडघ्यावर लावलं. गुडघा शहाळ्याएवढा झाला होता. भाभीने बाईंसाठी कांदा-लसूण नसलेलं जेवण सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार आणि बाई शनिवार आदल्या दिवेलागणीपासून पाळतात. मला ताटावरच झोप येत होती आणि तरीही डोक्यात हिशेब चालू होता: आंबा घाट उतार, त्याला पाय लागत नाही. साखरप्यापासून पुढे दाभोळ्याचा चढ. मग नाणीज, पाली, हातखंबा. ते चढ गुडघ्याशिवाय कसे चढणार, याचं उत्तर येत नव्हतं.

सकाळी गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं. बाई म्हणाल्या, "उताराला ब्रेक पाहिजेत, पाय कशाला?" आणि खरंच, त्यांनी आंबा घाट असा उतरला की मला मागे राहायला लागलं. ट्रकवाले बाजूला होत होते. एका वळणावर त्या मागे वळून ओरडल्या, "आता तरी खाली चाललोय ना गो?" चार दिवसांतली ती एकच वेळ, जेव्हा मला दमल्यासारखं वाटलं नाही.

साखरप्याला चहा घेतला. पुढे दाभोळ्याच्या चढाच्या पायथ्याशी बाईंनी तीन-चार पेडलं मारली आणि उतरल्या. चालायला लागल्या. एक किलोमीटरला पाऊण तास लागला. मी घड्याळ लावून बघत होते. रत्नागिरी अजून पन्नासाच्या आसपास होती.

"इथेच कुठेतरी राहू," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

"त्यानं चार दिवस म्हटलंय."

"मग त्याला सांगू, पाचवा दिवस द्या."

"उद्या गुडघा बरा होणार आहे?"

"नाही."

"मग परवा?"

"मला वाटत नाही."

बाई रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या. त्यांना सरळ उत्तर दिलेलं आवडतं, पण त्या दिवशी मला द्यायला आवडलं नाही.

तेवढ्यात एक टेम्पो वर येऊन आमच्यापुढे थांबला. रिकामे मासळीचे क्रेट भरलेला. रत्नागिरीहून मासळी कोल्हापूरला टाकून परत चाललेला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "भाभी? तुम्ही इथं काय करताय?"

"हवा खाते," भाभी म्हणाली. मग आमच्याकडे वळून हळूच, "आमच्या मोहल्ल्यातला आहे. चांगला आहे. बाई, एक सांगू? ह्याच्यात बसा. कुवारबावला, गावाच्या तोंडाशी उतरा आणि तिथून सायकलवर घरी. आम्ही बोलणार नाही. हा पण बोलणार नाही. कुणाला कळतंय?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. वाट मी चुकवली होती, गुडघा त्या वाटेवर गेला होता, आणि त्याची किंमत म्हणून बाईंनी घर सोडायचं, हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नव्हतं. मी साक्षीदार होते. साक्षीदाराने गप्प बसायचं, एवढंच काम होतं.

बाईंनी टेम्पोकडे नाक फिरवलं. "वासाचं काय करू? शनिवारची मी मासळीच्या वासाने घरी जाणार. मुलगा फोनवरसुद्धा ओळखेल."

"बाई, मस्करी नका करू."

"मस्करी नाही गो. शब्द दिलाय. साक्षीदार समोर उभी आहे. तिला कशाला खोटं बोलायला लावू?" त्या उठल्या. "हात दे."

भाभीने आणि मी त्यांना केबिनमध्ये चढवलं. सायकल मागे क्रेटांवर आडवी बांधली. बाईंनी पदर नाकाला लावला, ड्रायव्हरला म्हणाल्या, "तू सातवी ब ना रे? बोटीवरून शाळेत यायचास," आणि तो एकदम सरळ बसला. टेम्पो चढ चढून दिसेनासा झाला.

आम्ही दोघी संध्याकाळी सहाला घरी पोचलो. सबंध रस्ताभर भाभी एकदाच बोलली, पालीच्या पुढे: "मी नीट अडून विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "पेडल मार." बाईंनी तोपर्यंत मुलाला फोन करून सांगितलं होतं. स्पीकरवर. सगळ्या गल्लीने ऐकलं.

तर रविवारी संध्याकाळी मी साखळीला तेल घालत असताना तो पडवीत आला. बाईंकडे बॅग ठेवून, चहा घेऊन, सरळ माझ्याकडे. काही वेळ सायकलकडे बघत उभा राहिला.

"काकू, तुम्ही होतात ना बरोबर? मी तुमच्या भरवशावर पाठवलं."

"होते. वाट मीच चुकवली."

"आई म्हणते, तिघींनी."

"विचारलं मी, वळले मी. त्यानं खालच्या वाटेने जायला सांगितलं आणि मी खालच्या वाटेने गेले."

"मग चुकलं काय?"

मी ब्रश खाली ठेवला. "खाली कुठे आहे, दाखव."

"म्हणजे?"

"हात करून दाखव. खाली."

त्याने हात उचलला आणि भाभीच्या मोहल्ल्याच्या दिशेने, बंदराकडे दाखवला. पंधरा वर्षं पुण्यात राहतो. माझ्या पडवीत जमीन एकदम सपाट आहे, ओट्याला पाणीसुद्धा तुंबतं.

मी म्हटलं, "तिकडे कडा आहे."

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने हात खिशात घातला. हसला नाही, पण चेहरा उतरला होता तो जरा सैल झाला.

"शब्द दिलाय तिनं," तो म्हणाला. "मी सोडला तरी ती सोडणार नाही. मघाशी मी म्हटलं, राहू दे, गुडघा दाखवून परत ये. तर म्हणाली, अट मोडली की मोडली. कपाट रिकामं करत बसली आहे."

हे मला माहीत नव्हतं. बाईंना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं.

"सातला निघू," तो म्हणाला. "सायकल तुम्हीच ठेवा. तुम्ही वापराल."

"माझी मला आहे," मी म्हटलं. आणि पुन्हा पाटावर बसले, कारण मागच्या चाकाचा ब्रेक घासत होता.

तो गेल्यावर मी अटीचे शब्द आठवून पाहिले. सायकल बंद, आणि इथे यायचं राहायला. बंद म्हणजे चालवायची नाही. बरोबर न्यायची नाही असं त्यात कुठेही नव्हतं. मी दस्तऐवज वाचणारी बाई आहे. जे लिहिलेलं नाही ते नाही. गुडघा दोन-तीन महिन्यांत बरा होईल. पुढचं त्या मायलेकांनी बघावं. सायकल समोर असली तर बघतील, रत्नागिरीत असली तर बघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बाईंचीच सायकल चालवत त्यांच्या घरी गेले. साखळी आवाज करत नव्हती. तो गाडीत तांदळाचं पोतं आणि नारळ भरत होता. मी अंगणातच सायकल उलटी केली, दोन्ही चाकं काढली, हँडल वळवलं, पेडलं काढली. मागच्या सीटवर जुनी गोधडी पसरली आणि त्यावर सगळं आडवं ठेवलं. बाई पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. आरशातून त्यांनी बघितलं. मुलाने नारळ जरा बाजूला सरकवले.

मी पंधरा नंबरचा पाना त्याच्या हातात दिला. "पेडलं बसवताना लक्षात ठेव. उजवं सरळ फिरतं, डावं उलटं. जोर लावलास तर आटे जातील."

"डावं उलटं," तो म्हणाला.

गाडी गेली. माझी सायकल घरी पडवीत होती, तेव्हा मी चालत परत आले आणि दहाला कार्यालयात गेले.